संज्ञाप्रवाह : उडत्या विचाराला पकडण्याची धडपड

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचा ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. मन म्हणजे सुट्या कल्पनांची जुळणी असून एक कल्पना आपल्याला जोडलेल्या दुसऱ्या कल्पनेला ओढून आणते, हे मत तेव्हा चांगलेच रुजलेले होते. जेम्स यांनी ते नाकारले. जाणीव तुकड्यातुकड्यांनी येत नाही, ती अखंड वाहत असते, असे त्यांनी मांडले आणि या वाहण्याला संज्ञाप्रवाह म्हटले. या प्रवाहाची गती मात्र सारखी नसते. पक्षी काही क्षण फांदीवर टेकतो आणि पुन्हा झेपावतो, तसा विचार कधी एखाद्या प्रतिमेवर स्थिरावतो, तर कधी एका प्रतिमेकडून दुसरीकडे निघालेला असतो. स्थिरावलेल्या अवस्थेला नाव देता येते. मधल्या उड्डाणाला देता येत नाही, कारण त्याकडे लक्ष वळवताच ते थांबते. अंधार कसा दिसतो हे पाहण्यासाठी झटकन दिवा मोठा करण्यासारखा हा प्रयत्न आहे, असे जेम्स यांनी लिहिले आहे.

मानसशास्त्राने पुढे काही दशके हा प्रश्न बाजूलाच ठेवला. जॉन वॉटसन यांनी १९१३ साली वर्तनवादाची, म्हणजे फक्त बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासण्याच्या भूमिकेची, मांडणी केली आणि स्वतःच्या मनात डोकावून केलेल्या निरीक्षणाला शास्त्रात स्थान नाही, असा आग्रह धरला. नेमक्या त्याच काळात कादंबरीकारांनी हा प्रश्न हाती घेतला. डोरोथी रिचर्डसन यांच्या ‘पिल्ग्रिमेज’ या कादंबरीमालेचा पहिला भाग १९१५ साली आला आणि तीन वर्षांनी तिच्याविषयी लिहिताना मे सिंक्लेअर यांनी संज्ञाप्रवाह ही मानसशास्त्रातील संज्ञा साहित्यसमीक्षेत आणली. पात्राच्या मनातील ओघ वाचकापुढे थेट उभा करण्याच्या तंत्राला ते नाव पडले. जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ १९२२ साली, व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ १९२५ साली आणि विल्यम फॉकनर यांची ‘द साउंड अँड द फ्युरी’ १९२९ साली प्रसिद्ध झाली. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत हे तंत्र वापरले.

मनात येईल ते तसेच कागदावर उतरवणे म्हणजे संज्ञाप्रवाह, हा गैरसमज दूर करणे मला फार आवश्यक वाटते. तसे लेखन अतिवास्तववाद्यांनी, म्हणजे नेणिवेला मोकळी वाट देऊ पाहणाऱ्या लेखक-कलावंतांनी, हेतुपूर्वक केले. त्याची जात वेगळी आहे. जॉइस तर छपाईच्या मुद्रितांवरसुद्धा मजकुरात भर घालत राहिले होते. वाचकाला जो सैरभैर ओघ वाटतो, त्याची घडण अत्यंत काटेकोर असते.

एकच क्षण तीन प्रकारांनी लिहून पाहिला, तर ही घडण स्पष्ट होते. ‘दवाखान्यातील बाकावर बसल्यावर तिला आईचे आजारपण आठवले आणि ती अस्वस्थ झाली.’ येथे निवेदक मनाविषयी सांगतो, पण मनाबाहेर उभा राहून. ‘दार उघडायला इतका वेळ का लागत होता? आईच्या वेळीही असेच झाले होते. तेव्हा निदान बाबा तरी बरोबर होते.’ आता क्रियापदांचा काळ निवेदकाचा असला, तरी प्रश्न आणि कळ तिची आहे. ‘अजून बंदच. फिनेलचा वास. त्याच हिरव्या भिंती, बाबा नुसते उभे. विचारू का? नको. घड्याळ पुढे आहे वाटतं.’ या तिसऱ्या प्रकारात निवेदक पुसला गेला आहे. वुल्फ यांचा भर बहुतांशी दुसऱ्या प्रकारावर आहे आणि त्यामुळेच त्या एका पात्राच्या मनातून दुसऱ्याच्या मनात, वाचकाला धक्का न देता, जाऊ शकतात. जॉइस तिसऱ्या प्रकाराचा मुक्त वापर करतात.

तिसऱ्या प्रकारातील वाक्ये अशी तुटकी का वाटतात, याचे एक उत्तम स्पष्टीकरण रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांच्या १९३४ सालच्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात सापडते. ट्रामची वाट पाहणाऱ्या माणसांपैकी कोणीही ‘आपण जिची वाट पाहत आहोत ती ट्राम आली’ असे म्हणत नाही. नुसते ‘आली’ पुरते, कारण विषय सर्वांना ठाऊक असतो. मनातल्या मनात बोलताना तर बोलणारा आणि ऐकणारा एकच असतो. कशाविषयी चालले आहे हे त्याला नेहमीच माहीत असल्यामुळे आंतरिक भाषणातून विषय सांगणारा भाग गळून पडतो आणि त्याविषयीचे विधान तेवढे उरते. ‘युलिसिस’चा नायक लिओपोल्ड ब्लूम याच्या मनातील वाक्यरचना नेमकी अशी आहे, आणि ती विगोत्स्कींच्या ग्रंथापूर्वी बारा वर्षे छापली गेली होती. त्याच कादंबरीच्या शेवटी त्याची पत्नी मॉली ब्लूम हिचे मन आठ प्रदीर्घ वाक्यांत, जवळजवळ विरामचिन्हांविना, वाहते. एकाच लेखकाने दोन मनांना दोन वेगळी व्याकरणे दिली, हे मला या तंत्राचे मोठे यश वाटते.

विल्यम जेम्स यांना न पकडता आलेल्या उड्डाणाचे या लेखकांनी काय केले? फॉकनर यांच्या कादंबरीच्या पहिल्या भागात त्याचे उत्तर मिळते. बौद्धिक वाढ खुंटलेला, तेहतीस वर्षांचा बेंजी कुंपणापलीकडचा गोल्फचा खेळ पाहत असतो. खेळाडू आपल्या मदतनिसाला ‘कॅडी’ अशी हाक मारतो आणि बेंजी विव्हळू लागतो. त्याच्या लाडक्या बहिणीचे नाव कॅडी आहे आणि ती आता घरात नाही, हे फॉकनर तेथे समजावून देत नाहीत. पुढे कुंपणाच्या खिळ्यात कपडा अडकतो आणि पुढच्याच ओळीत आपण कितीतरी वर्षांपूर्वीच्या अशाच एका अडकण्यात असतो. तेथे कपडा सोडवणारी कॅडी आहे. दोन प्रसंगांमधला सांधा लिहिलेलाच नाही. तो वाचकाला स्वतःच्या मनाने ओलांडावा लागतो आणि ओलांडताना ते उड्डाण वाचकाच्याच जाणिवेत घडते. ज्याचे वर्णन करता येत नाही, ते घडवून आणण्याचा हा मार्ग आहे. हे लेखन वाचायला जड जाते ते यामुळेच, आणि ही जडता काढून टाकली तर तंत्राचा प्राणच जाईल.

तरीही संज्ञाप्रवाह ही मनाची हुबेहूब नक्कल मानता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट यांनी १९७०च्या दशकापासून एक साधी पद्धत विकसित केली. सहभागी व्यक्तीजवळचे यंत्र दिवसभरात अवचित वाजते आणि ते वाजण्याच्या अगदी आधी मनात काय होते, याची तिने नोंद करायची असते. हर्लबर्ट आणि ख्रिस्तोफर हेवी यांच्या २००८ सालच्या अभ्यासात मनातले बोलणे सुमारे एक चतुर्थांश नोंदींतच आढळले. इतर नोंदींत मनःचक्षूंपुढची दृश्ये, भावना आणि वास किंवा स्पर्शासारखी संवेदने होती. शब्द नाहीत, चित्र नाही, पण निश्चित असा विचार मात्र आहे, असाही एक प्रकार होता. व्यक्तीव्यक्तींमधील फरक तर फारच मोठे होते. कादंबरीपाशी मात्र शब्दांखेरीज साधन नाही, आणि शब्द एकामागून एकच येऊ शकतात. वास, भीती, आठवण आणि घड्याळाचा काटा मनात एकाच क्षणी असले, तरी पानावर त्यांना रांगेत उभे राहावे लागते.

शब्दांपूर्वीच्या या भागाकडे नाताली सारोत या फ्रेंच लेखिकेने थेट मोर्चा वळवला. त्यांच्या १९३९ सालच्या पहिल्या पुस्तकाचे ‘ट्रोपिझम’ हे नाव जीवशास्त्रातून आले आहे. वनस्पती प्रकाशाकडे वळतात, तशा उद्दीपनाने होणाऱ्या हालचालीसाठी ते वापरले जाते. दोन माणसे बोलत असताना त्यांच्या आत क्षणार्धात उमटणारी ओढ, माघार किंवा चढाई, जी उच्चारापर्यंत पोहोचतच नाही, ती त्यांना टिपायची होती. पात्रांच्या तोंडी किंवा मनात शब्द घालून ते साधणार नव्हते. म्हणून त्यांनी आंतरिक स्वगत बाजूला ठेवले, पात्रांना बहुधा नावेही दिली नाहीत, आणि ती हालचाल वाचकाला जाणवेल अशा प्रतिमा लहान लहान गद्यखंडांतून उभ्या केल्या.