हनुक्का : गृहसजावट

ज्यू पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ तारखेपासून आठ दिवस चालणाऱ्या हनुक्का या सणात घराचे दार, खिडकी व बैठकीची खोली दिव्यांनी आणि हाताने घडवलेल्या किंवा पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वस्तूंनी सजवण्याची प्रथा. ‘हनुक्का’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘समर्पण’ असा आहे. सिल्यूसिड (सिरियातील ग्रीक राजघराणे) राजा चौथा अँटायोकस याने विटाळलेले जेरूसलेमचे मंदिर ज्यूडास मॅकाबी व त्याच्या अनुयायांनी इ. स. पू. १६४ मध्ये (काहींच्या मते १६५ मध्ये) शुद्ध करून पुन्हा देवाला अर्पण केले, त्याचे हे स्मरण होय.

या सजावटीच्या उगमाविषयी एकमत नाही. मॅकाबींच्या लढ्याची हकिकत सांगणाऱ्या दोन प्राचीन ग्रंथांपैकी पहिल्यात मंदिराचा दर्शनी भाग सोन्याचे मुकुट व लहान ढाली लावून सजवल्याचा उल्लेख येतो, तर दुसऱ्या ग्रंथात लोक वेलींनी गुंडाळलेल्या काठ्या, हिरव्या डहाळ्या व खजुरीच्या झावळ्या हाती घेऊन आल्याचे वर्णन आहे. या दुसऱ्या वर्णनावरून, आणि त्याच ग्रंथात या उत्सवाला ‘किस्लेवमधील मांडवांचा सण’ असे म्हटले असल्यावरून, हनुक्का हा मुळात युद्धामुळे लांबलेला सुक्कोथ (मांडवांचा सण, अखेरच्या दिवसासह आठ दिवसांचा) असावा, असे काही अभ्यासक मानतात. आठ दिवसांच्या मुदतीचा उलगडाही त्यामुळे होतो. मंदिरातील दिव्याचे एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याची प्रसिद्ध कथा मात्र या दोन्ही ग्रंथांत नाही. ती बरीच नंतर, बाबिलोनी तालमूदच्या (ज्यू धर्मचर्चेचा संग्रह) ‘शब्बाथ’ या भागात येते. इ. स. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस या सणाला ‘दिवे’ या नावाने ओळखतो, परंतु तेलाची कथा सांगत नाही. त्यामुळे दिवे लावण्याची चाल कथेच्या आधीची असून कथा तिचे स्पष्टीकरण म्हणून पुढे रूढ झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दर्शनी भाग सजवण्याची ती प्राचीन पद्धत आणि आजची घरगुती सजावट यांत सलग परंपरा दाखवता येत नाही. घराची सजावट म्हणून जे टिकले, तो दिवाच.

दिव्याची जागा धर्मशास्त्राने ठरवून दिली आहे. तालमूदनुसार दिवा दाराबाहेर ठेवावा. माडीवर राहणाऱ्याने तो रस्त्याकडील खिडकीत ठेवावा. आणि संकटकाळी घरातल्या मेजावर ठेवला तरी पुरे. दाराच्या उजव्या चौकटीवर मझुझा (धर्मवचने लिहिलेल्या चर्मपत्राची डबी) असल्याने दिवा डावीकडे येतो. उंची जमिनीपासून दहा मुठींच्या आत असणे चांगले मानतात. वीस हातांपेक्षा उंच लावलेला दिवा ग्राह्य धरत नाहीत, कारण तेथे वाटसरूची नजर पोहोचत नाही. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन असा क्रम प्राचीन धर्मपंडित हिलेल याच्या पंथाने सांगितला. त्याचा प्रतिस्पर्धी शम्माय याच्या पंथाचा क्रम आठपासून उतरता होता, तो मागे पडला. या ज्योतींच्या उजेडात काम करणे निषिद्ध असल्याने ‘शमाश’ (सेवक) हा जादा दिवा थोडा उंच किंवा बाजूला बसवतात. म्हणून हनुक्काच्या दिव्याला नऊ ज्योती असतात. मंदिरातील दीपवृक्ष सात शाखांचा होता व त्याची हुबेहूब प्रतिकृती करण्यास तालमूदने मनाई केली आहे. या दिव्याला आज रूढ असलेले ‘हनुक्किया’ हे नाव हिब्रू लेखिका हेमदा बेन-येहुदा यांनी प्रचारात आणले असे सांगतात, परंतु बाल्कन प्रदेशातील ज्यू-स्पॅनिश बोलीत ते त्यापूर्वीच असावे, असेही मत आहे.

घरी दिवा घडवणाऱ्याच्या दृष्टीने दोन नियम महत्त्वाचे आहेत. ज्योती एकमेकींत मिसळता कामा नयेत : तेलाच्या एकाच वाडग्याभोवती वाती लावल्या व वर भांडे पालथे घातले नाही, तर त्याला दिवे न म्हणता ‘शेकोटी’ म्हणावे, असा तालमूदचा निर्वाळा आहे. दुसरा नियम जुन्या वस्तूंच्या हौशीला थेट छेद देणारा आहे. योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ (१५६५ मध्ये मुद्रित) या धर्मसंहितेनुसार साध्या मातीची पणती एका रात्रीत ‘जुनी’ होते. दुसऱ्या रात्री नवी घ्यावी, नवी नसेल तर तीच विस्तवात भाजून घ्यावी. धातूच्या व झिलईच्या मातीच्या दिव्याला हे बंधन नाही. आजीचा पितळी दिवा घराण्यात टिकला आणि मातीचा टिकला नाही, याचे एक कारण येथे शोधता येईल. धर्मकृत्य सुंदर वस्तूने करावे, या ‘हिद्दूर मित्स्वा’ तत्त्वाचाही धातूच्या दिव्यांना मोठा आधार मिळाला.

मध्ययुगापासून युरोपात भिंतीला टांगायचा दिवा प्रचलित झाला. उभी पाठफळी, तिला वरच्या बाजूस खिळ्यासाठी भोक, खाली चमच्याच्या आकाराच्या आठ तेलवाट्यांची रांग, त्याखाली ठिबकणारे तेल झेलणारी पन्हळ आणि एका बाजूला सुटा शमाश, अशी त्याची रचना असे. पाठफळीवर सिंह, पक्षी, मुकुट किंवा कमानी येतात. मोरोक्कोतील पितळी फळ्यांवर नालाच्या आकाराच्या कमानी, पोलंडमध्ये ओतीव पितळ, फ्रँकफर्टमध्ये चांदी आणि येमेनमध्ये कोरलेला दगड, असे प्रादेशिक भेद आढळतात. ज्यांना यातले काही परवडत नसे, त्यांनी अक्रोडाची करवंटी, अंड्याचे कवच किंवा कोरलेला अर्धा बटाटा वापरला. बोरिस शात्स यांनी १९०६ मध्ये जेरूसलेमला स्थापन केलेल्या बेझालेल कलाशाळेने पितळेवरील उठावाच्या कामाला नवे वळण दिले. मॉरिस ॲस्कलन यांच्या ‘पाल-बेल’ कारखान्यातील हिरवट कळेचे (धातूवरील पुटाचे) दिवे आज संग्राहकांत प्रिय आहेत. ही कळा मुद्दाम आणलेली असते. चिंच-राखेने घासून दिवा लख्ख करण्याचा मोह येथे आवरावा.

दिव्याखालोखाल कागदकामाचा उल्लेख करावा लागतो. पूर्व युरोपात कागद मधोमध दुमडून, फळीवर खिळवून, चाकूने कापत. उलगडल्यावर दोन्ही बाजूंना सारखेच सिंह व वेली उमटत, मागे रंगीत कागद लावला जाई आणि मध्यभागी दीपप्रज्वलनाचे आशीर्वचन लिहिले जाई. ड्रायडल हा चार बाजूंचा भोवरा लाकडी साच्यात शिसे ओतून घरीच करीत. त्यावरील चार हिब्रू अक्षरे ‘तेथे मोठा चमत्कार झाला’ या वाक्याची आद्याक्षरे मानतात. इस्राएलमध्ये ‘तेथे’च्या जागी ‘येथे’ येते.

खिडकीतल्या दिव्याचा अर्थ काळानुसार बदलला. जर्मनीतील कील येथे १९३१ मध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवा पोझनर यांच्या पत्नी राखेल यांनी आपल्या खिडकीतील दिव्याचे छायाचित्र घेतले. समोरच्या इमारतीवर नाझी ध्वज स्पष्ट दिसतो. निळ्या-पांढऱ्या माळा, तोरणे व कागदी तारे हा भाग विसाव्या शतकातील, मुख्यतः अमेरिकेतील असून त्यावर नाताळची छाया उघड आहे. ‘हनुक्काचे झुडूप’ (नाताळच्या झाडासारखे सजवलेले झाड) ही टूम अनेक रब्बींना मान्य नाही.

कोकणातील बेने इस्रायल समाजाशी या विषयाचा संबंध उलट दिशेने येतो. तेल गाळणे हा या समाजाचा जुना धंदा; शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. तरीही त्यांच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता. ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’, ‘दारफाळणीचा सण’, ‘बिरड्याचा सण’ अशी मराठी नावे इतर सणांना आहेत, हनुक्काला नाही. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी यावरून, समाजाचे पूर्वज मॅकाबींच्या विजयापूर्वी, इ. स. पू. १७५ च्या सुमारास निघून नवगावच्या किनाऱ्यावर आले, असे अनुमान काढले. पुढील अभ्यासकांना हा पुरावा अपुरा वाटतो, कारण दुरावलेल्या समाजात एखादा सण विसरलाही जाऊ शकतो. हा आक्षेप रास्त आहे. कोचीनच्या ज्यू शिक्षकांच्या सहवासात, प्रामुख्याने अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत, ग्रांथिक धर्माचार येथे पुन्हा रुजला व त्याबरोबर हनुक्काही आला. मुंबईत षट्‌कोनी ताऱ्याच्या आकाराच्या, काचेचे तेलपेले बसवलेल्या भिंतीवरील दिव्यांची नोंद आहे. दिवे सरळ रांगेतच असावेत, वर्तुळात नसावेत, असे अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील ज्यू) टीकाकार सांगतात. हे दिवे त्या नियमात बसत नाहीत.