नॉटिंग हिलबिलीज: डायर स्ट्रेट्सच्याही आधीचे सूर

मार्च १९९० मध्ये ‘मिसिंग... प्रिझ्यूम्ड हॅविंग अ गुड टाइम’ हा अल्बम आला आणि ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. ‘द नॉटिंग हिलबिलीज’ हा बँड नवा होता, पण त्यातला गिटारवादक मार्क नॉप्फ्लर ‘डायर स्ट्रेट्स’ या रॉक बँडमुळे जगाला चांगलाच ठाऊक होता. एका बड्या कलावंताने फावल्या वेळात केलेला उद्योग, असं या अल्बमबद्दल सहज म्हणता येतं. मला ते अजिबात पटत नाही. ही गाणी नॉप्फ्लरच्या बोटांत डायर स्ट्रेट्सच्या कितीतरी आधीपासून होती.

साठच्या दशकाच्या अखेरीस तो इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातल्या लीड्सला आला, तो ‘यॉर्कशायर इव्हिनिंग पोस्ट’चा नवशिका वार्ताहर म्हणून. तिथे त्याची गाठ स्टीव्ह फिलिप्सशी पडली. फिलिप्स चित्रकार, पुढे गिटारही घडवू लागला, आणि अमेरिकेतल्या जुन्या कंट्री ब्लूजचा, म्हणजे खेड्यांतल्या कृष्णवर्णीयांच्या गिटारगाण्यांचा, त्याला ध्यास. दोघे ‘डुओलियन स्ट्रिंग पिकर्स’ म्हणून वाजवू लागले. डुओलियन हे नॅशनल कंपनीच्या धातूच्या गिटारचं एक मॉडेल.

या गिटारपाशी जरा थांबायला हवं. १९२० च्या दशकात, ॲम्प्लिफायर रुळण्याआधी, भरलेल्या बँडमध्ये साध्या गिटारचा आवाज बुडून जायचा. म्हणून धातूच्या पोकळ अंगात ॲल्युमिनियमचा पातळ शंकू बसवला गेला. तारांची थरथर घोडीतून त्या शंकूत उतरते आणि आवाज खणखणीत होऊन बाहेर येतो. डायर स्ट्रेट्सच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर निळ्या आकाशात दिसणारी चंदेरी गिटार याच घराण्यातली, १९३७ सालची नॅशनल स्टाइल ओ. त्यांच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या गाण्याची सुरुवातही तिच्यावरच वाजते. नॉप्फ्लरने ती घेतली होती फिलिप्सकडून. म्हणजे डायर स्ट्रेट्सची सगळ्यांत ओळखीची खूणसुद्धा लीड्सच्या त्या दोस्तीतूनच आली.

१९७३ मध्ये विद्यापीठातलं शिक्षण संपवून नॉप्फ्लर लंडनला गेला. फिलिप्स यॉर्कशायरमध्येच राहिला. पुढे त्याला ब्रेंडन क्रोकर भेटला आणि दोघांची ‘नेव्ह अँड नॉरिस’ ही जोडी झाली. लंडनमध्ये १९७७ साली डायर स्ट्रेट्स उभा राहिला. पुढची कहाणी सर्वांना माहीत आहे.

‘ब्रदर्स इन आर्म्स’चा प्रदीर्घ दौरा एप्रिल १९८६ मध्ये सिडनीत संपला. पुढच्याच महिन्यात नॉप्फ्लर लीड्सच्या होलबेक भागातल्या ग्रोव्ह पबमध्ये फिलिप्स आणि क्रोकरच्या शेजारी वाजवत बसला होता. हा तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोन वर्षांनी त्याने डायर स्ट्रेट्स थांबवला. जगातला सर्वांत मोठा बँड, ही चर्चा संगीतापेक्षा मोठी झाली होती, ही त्याची तक्रार होती.

अल्बमचं काम झालं लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या त्याच्या स्टुडिओत. डायर स्ट्रेट्सचा कीबोर्डवादक गाय फ्लेचर चौथा भिडू झाला. अकरा गाण्यांत नॉप्फ्लरने लिहिलेलं गाणं एकच, ‘युवर ओन स्वीट वे’. बाकीची बहुतेक जुनी: सुरुवातीला पारंपरिक ‘रेलरोड वर्कसाँग’, पुढे डेलमोर ब्रदर्स आणि लुव्हिन ब्रदर्स या अमेरिकी कंट्री जोड्यांची, शेवटी चार्ली रिचचं ‘फील लाइक गोइंग होम’. क्रोकर आणि फिलिप्सही गायले. स्टेडियमं भरवणारा माणूस इथे बऱ्याचदा मागे बसून साथ करतो, आणि ती साथ ऐकताना त्याच्या बोटांवरचं प्रेम वाढतं.

१९९० च्या दौऱ्यात ड्रम्सवर होता एड बिकनेल, डायर स्ट्रेट्सचा व्यवस्थापक. पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून पायपट्ट्यांनी सूर बदलत वाजवायची गिटार, वाजवली नॅशव्हिलच्या पॉल फ्रँकलिनने. १९९१ मध्ये डायर स्ट्रेट्स ‘ऑन एव्हरी स्ट्रीट’ हा अल्बम घेऊन परतला, तेव्हा फ्रँकलिनची पेडल स्टील त्यातही होती. हिलबिलीजनी मात्र दुसरा अल्बम केला नाही.