गुऱ्हाळातील कामे (कोल्हापूर)

ऊस गाळून गूळ करण्याच्या हंगामी धंद्यातली कामे आणि यंत्रे आल्यावर त्यांत झालेले बदल. कोल्हापूर जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटतात आणि पाडव्याला बाजार समितीत मुहूर्ताचे सौदे निघतात. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेमुळे या व्यापाराला शहरात पाय रोवता आले. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

सर्वांत आधी बदलला तो ऊस पिळणारा घाणा. बैलांच्या चरकातून उसाच्या वजनाच्या ५० ते ५५ टक्के रस निघे. बैल हाकायला एक माणूस लागे, तोंडाशी बसून ऊस लावायला दुसरा. ऑइल इंजिनावरचे आडवे घाणे आले तसा रस ६० ते ६५ टक्क्यांवर गेला आणि बैल हाकणाऱ्याचे काम संपले. त्याच्या जागी इंजिनाचा मिस्त्री आला. गुऱ्हाळांवरची आणि शेतीपंपांची इंजिने दुरुस्त करता करताच कोल्हापुरात कारखाने आणि फौंड्रीची कसबे रुजली, हे या बदलाचे मोठे देणे. पुढे विजेची मोटर आली आणि मिस्त्रीही रोज लागेनासा झाला. ऊस लावणारा मात्र अजून लागतो, आणि गुऱ्हाळातले सर्वांत धोक्याचे काम त्याचेच: घाण्याच्या चालत्या लाटांत (रुळांत) हात सापडण्याचे अपघात आजही होतात.

गुळव्याचे, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराचे, काम यंत्राला सहज घेता आलेले नाही. काहिलीतला (मोठ्या उथळ कढईतला) रस तापू लागला की तो चुन्याची निवळी घालून रसाचा आंबटपणा मोडतो. चुना कमी पडला तर आम्लात साखरेचे विघटन होऊन गूळ चिकट राहतो, कणी बसत नाही. जास्त झाला तर गूळ काळपट पडतो. ऊस तोडून एका दिवसापेक्षा जास्त पडून राहिला असेल तर चुना कितीही अचूक असो, गूळ बिघडतो. मग ठेचलेल्या रानभेंडीचा चिकट रस घातला जातो. त्यात गाळ धरून मळी वर येते आणि झाऱ्याने काढली जाते. या कामाला हायड्रॉस पावडर (गंधकयुक्त रसायन) वापरली की गूळ पिवळाधमक दिसतो, पण साठवणीत तो रंग उतरतो आणि गंधकाचा अंश मागे राहतो. पिवळ्या रंगाला बाजार जास्त भाव देतो तोवर हा मोह सुटणार नाही.

पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की काहील उतरवायची. थर्मामीटर तो आकडा दाखवतो, पण उसाची जात, जमीन आणि चुन्याचे प्रमाण यांप्रमाणे बिंदू एखाद-दोन अंश सरकतो. म्हणून थंड पाण्यात पाकाची गोळी करून पाहणे सुटलेले नाही. को ९२००५ किंवा कोसी ६७१ जातीच्या उसावर हात बसलेला गुळव्या खारवट जमिनीतल्या उसापुढे पुन्हा गोळीवरच भिस्त ठेवतो.

चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, वाळली चिपाडे घालणाऱ्याने सुरुवातीला जाळ मोठा ठेवायचा आणि शेवटी मंद करायचा. इथे चूक झाली की पाक तळाला करपतो. काही नव्या गुऱ्हाळांत रस वाफेवर आटवतात. तिथे करपण्याची भीती कमी, पण बॉयलर चालवायला प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो, आणि तो गावात सहसा मिळत नाही. उकळती काहील पूर्वी माणसे दांडे घालून उचलत. आता बहुतेक ठिकाणी चेन-पुलीच्या यारीने ती वाफ्यात (पाक थंड करण्याच्या उथळ हौदात) ओततात. भाजण्याचे अपघात त्यामुळे कमी झाले, हा साऱ्या बदलांतला सर्वांत निखळ लाभ.

नवी कामे वाढली ती शेवटच्या टप्प्यात. बादलीत कापड घालून ३० किलोचा रवा (मोठी ढेप) पाडायला दोन माणसे पुरत. आता एक किलोच्या ढेपा, लहान वड्या, काकवी आणि गूळ पावडर यांना मागणी आहे. पावडरीसाठी पाक १२० अंशांच्या वर नेतात, घोटून रवाळ करतात, वाळवतात आणि चाळतात. ओलावा राहिला तर पिशवीत गठ्ठे होतात. वजन, भरणी, सीलिंग आणि लेबल लावणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे आली आहेत.