पोटोसीच्या रियालवरचं एक अक्षर

स्पॅनिश अमेरिकेतलं आठ रियालचं (रियाल हे स्पेनचं चलन) जुनं चांदीचं नाणं पहिल्यांदा हातात घेणारा हमखास हिरमुसतो. गोल नाही, कडा वेडीवाकडी, ठसा एका बाजूला सरकलेला. चांदीच्या पट्टीचा तुकडा पाडायचा, वजनात बसेपर्यंत कातरत जायचं आणि मग हातोड्याने ठसा मारायचा, अशी ती रीत. रूपाकडे कुणी बघत नसे. वजन सुमारे २७ ग्रॅम भरलं पाहिजे आणि कस उतरता कामा नये, बस.

कसाची हमी म्हणजे ठशातलं पारख्याचं, म्हणजे टांकसाळीत चांदीचा कस तपासणाऱ्याचं, आद्याक्षर. मला या नाण्यांत सर्वात मोलाचं तेच वाटतं. चांदी हिणकस निघाली, तर मान त्या पारख्याची.

आणि ती गेलीही. आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीला १५४५ मध्ये चांदीचा डोंगर सापडला. आसपासच्या गावांतल्या आदिवासींना पाळीपाळीने खाणीत सक्तीने राबवलं गेलं. कित्येक तिथेच मेले. १५७० च्या दशकात टांकसाळ सुरू झाली. पुढे १६४० च्या दशकात तिथले पारखी आणि चांदीचे व्यापारी संगनमताने जास्त तांबं मिसळू लागले. युरोपात पोटोसीच्या नाण्याची पत गेली. चौकशी बसली. धनाढ्य व्यापारी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा याला १६५० मध्ये देहदंड झाला; पारखी फेलिपे रामिरेझ दे आरेयानो यालाही. संशयित नाण्यांवर मुकुटाचे बारीक शिक्के मारून त्यांची किंमत उतरवली.

१६५२ मध्ये ठसाच बदलला. लाटांवर उभे हर्क्युलिसचे दोन खांब, म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचं जुनं प्रतीक, आले. टांकसाळीचं 'पी', पारख्याचं अक्षर आणि साल दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा कोरलं गेलं. त्यामुळे आज अर्धा ठसा कडेबाहेर गेलेलं नाणंही ओळखता येतं. हातोडा मेक्सिकोत मागे पडला तो १७३२ मध्ये. यंत्रावर पाडलेल्या गोल नाण्याच्या कडेला नक्षी आली आणि कडा कातरून चांदी चोरणं अवघड झालं.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात हे रियाल सुरतेला आणले. मोगल मुलखात मात्र परकी नाणी टांकसाळीत आटवून त्यांचे रुपये पाडले जात. म्हणून घरात शाहजहान किंवा औरंगजेबाच्या नावाचा सुरती रुपया असेल, तर त्यात थोडी पोटोसीची चांदीही असू शकते.