फोड सारखेच, चीर वेगवेगळी: ईबी आणि डॉ. रॉबिन ईडी यांची पार्श्वभूमी

'ईबीवर औषध आलं' हा फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो, सोबत फुलपाखराचा फोटो असतोच, कारण ईबी हा कातडीचा आजार घेऊन जन्मलेल्या मुलांची कातडी फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक म्हणतात. फॉरवर्ड खोटा नाही. अर्धवट आहे. कारण एपिडर्मोलिसिस बुलोसा म्हणजे ईबी हा एक आजार नाहीच मुळात, तीसच्या वर उपप्रकार आहेत, कमीत कमी १६ जीन त्यात गुंतलेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. बाहेरून मात्र सगळं सारखंच दिसतं, कपड्याची शिवण घासली, चिकटपट्टी ओढली, बाळाला काखेत हात घालून उचललं की टम्म फोड.

हे वेगळं करायलाच शंभरेक वर्षं गेली.

व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रांनी १८७० च्या सुमारास याला 'आनुवंशिक पेम्फिगस' म्हटलं होतं. पेम्फिगस ही खरं तर वेगळीच भानगड, तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटते, पण तेव्हा फोड दिसला की पेम्फिगस असा हिशोब होता. १८८६ मध्ये हाइनरिश केब्नरांनी आजचं नाव दिलं (सोरायसिसवाल्यांना हे नाव माहीत असेल, जखमेच्या जागी चट्टा उठतो त्याला केब्नर फेनॉमेनन म्हणतात ते हेच). १८९८ मध्ये फ्रान्सच्या अलोपोंनी व्रण न ठेवणारा आणि व्रण ठेवणारा असे दोन भाग केले, आणि १९३५ मध्ये स्वीडनच्या हर्लिट्झांनी तान्ह्या बाळांचा जीव घेणारा प्रकार वेगळा काढला. पण हे सगळं डोळ्यांनी बघून, कातडीच्या आत काय तुटतंय ते कुणालाच माहीत नव्हतं.

ते दिसलं १९६२ मध्ये, शिकागोच्या रॉजर पिअर्सननी हे फोड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घेतले तेव्हा. आपल्या कातडीचा वरचा थर खालच्या थरावर नुसता ठेवलेला नसतो, मधे एक अतिशय पातळ पडदा असतो आणि दोन्ही बाजूंनी त्याला आकडे-दोऱ्या घालून घट्ट बांधलेलं असतं. पिअर्सनना दिसलं की चीर तीन वेगवेगळ्या मजल्यांवर पडते. पडद्याच्या वर, पेशीच्याच पोटात पडली तर सिम्प्लेक्स. पडद्यातच पडली तर जंक्शनल. आणि पडद्याच्या खाली पडली तर डिस्ट्रॉफिक, हा व्रण ठेवतो, याच्या गंभीर प्रकारात हाताची बोटं एकमेकांना चिकटत जाऊन मुठीसारखी होतात, अन्ननलिका आकसते, आणि तरुणपणीच कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. किंडलर सिंड्रोम नावाचा चौथा गट नंतर धरला गेला, तो फार क्वचित दिसतो.

आता रॉबिन ईडी, हीच चीर पुढे शोधत राहिलेले लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ. पिअर्सनचा पेपर आला त्याच वर्षी, १९६२ मध्ये, लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या या मेडिकल स्टुडंटच्या किडन्या गेल्या. ब्रिटनमध्ये तेव्हा कायमच्या डायलिसिसची सोय जवळपास नव्हतीच, किडनी गेली म्हणजे माणूस गेला. अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवून पुन्हा पुन्हा डायलिसिस करता येतं हे दाखवलं होतं, पण मशिनं इतकी थोडी की कुणाला घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे ठरवायला तिथे कमिटी होती. ईडी १९६३ मध्ये तिथे पोचले, जगले, लंडनला परतले, शिक्षण पूर्ण केलं, त्वचारोग घेतला, आणि १९८७ मध्ये ट्रान्सप्लांट होईपर्यंत जवळपास २५ वर्षं डायलिसिसवर काढली. वारले २०१७ मध्ये. किडनी गेल्यावर जगात सगळ्यात जास्त काळ जगलेल्यांत त्यांचं नाव घेतात. आठवड्यातून अनेक रात्री मशिनला जोडलेला माणूस दिवसा लॅबमध्ये बसून दुसऱ्यांच्या फोडांतली चीर शोधतोय, हे मला ईबीच्या सगळ्या इतिहासात सगळ्यात अजब वाटतं. पण निव्वळ 'प्रेरणादायी' म्हणून त्यांना गुंडाळून टाकू नये, काम खरंच मोठं आहे.

मुख्य काम इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरचं, आणि त्यात एक बारीकसा तपशील मला फार आवडतो. ईबीची बायोप्सी घेताना जुना फोड चालत नाही, कारण भरून यायला लागलेल्या फोडात चिरेचा मजला चुकीचा दिसू शकतो. मग चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर पेन्सिलीचा खोडरबर टेकवून गोल गोल फिरवतात, ताजी चीर पाडतात आणि तिथला तुकडा काढतात. कोट्यवधींचा मायक्रोस्कोप एकीकडे, खोडरबर दुसरीकडे.

दुसरं काम पोटातल्या बाळाचं. गंभीर प्रकार बहुतेक रिसेसिव्ह, म्हणजे आई-बाप दोघंही ठणठणीत पण दोघांकडे तोच बिघडलेला जीन, आणि मग प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. (आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची पद्धत आहे तिथे हे गणित डोक्यात ठेवायला हवं, नात्यात दोघांकडे तोच जीन असण्याची शक्यता वाढते.) जीन सापडलेच नव्हते तेव्हा पहिलं मूल गमावलेल्या जोडप्याला सांगणार काय? १९८० मध्ये चार्ल्स रोडेक, ईडी आणि क्रिस्टीन गॉस्डेन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की गर्भाशयात दुर्बीण घालून गर्भाच्या कातडीचा कण काढला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला तर जीवघेणी ईबी जन्माआधी ओळखता येते. मात्र त्यासाठी चार-साडेचार महिने थांबावं लागायचं. ते थांबणं कसलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढे जीन कळल्यावर हीच तपासणी वारेच्या तुकड्यावर, अडीच-तीन महिन्यांतच व्हायला लागली.

जीनही मायक्रोस्कोपच्याच मागोमाग सापडले. सिम्प्लेक्सच्या एका गंभीर प्रकारात पेशीतले केराटिनचे (पेशीला आधार देणाऱ्या प्रथिनाचे) धागे गोळा होऊन गाठी झालेल्या दिसायच्या, म्हणजे संशयित समोरच उभा होता. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या गटांनी, त्यात एलेन फुक्स यांचा एक, केराटिन १४ मधला बिघाड दाखवला, १९९२ मध्ये बर्गिट लेन आणि ईडींच्या गटाने नेचरमध्ये केराटिन ५ चा. डिस्ट्रॉफिकमध्ये पडद्याला खाली बांधणाऱ्या दोऱ्याच गायब दिसायच्या, त्या दोऱ्या ७ नंबरच्या कोलॅजनच्या (हेही एक प्रथिनच), आणि १९९३ मध्ये तोच जीन पकडला गेला.

औषधं आली ती जीनच्या या यादीवरूनच. इटलीत मोदेनाच्या मिकेले दे लुका यांनी जीन दुरुस्त केलेली कातडी लॅबमध्ये वाढवली आणि २०१५ मध्ये जर्मनीत बोखुमला एका ७ वर्षांच्या सीरियन निर्वासित मुलाची जवळपास ८० टक्के कातडी बदलली. तो जंक्शनलचा पेशंट होता. फॉरवर्डमधलं औषध म्हणजे जखमेवर लावायचं एक जेल, ते मात्र डिस्ट्रॉफिकचं. ओठावर फोड आणणाऱ्या हर्पीसच्या व्हायरसला निकामी करून त्यात कोलॅजन ७ चा जीन भरलाय, आठवड्यातून एकदा जखमेवर थेंब थेंब ठेवायचं. ३१ पेशंटच्या ट्रायलमध्ये ६ महिन्यांनी ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या, नुसत्या जेलने २२ टक्के, आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पण सिम्प्लेक्सच्या बाळाचं कोलॅजन ७ आधीच धड असतं, त्याला हे लावून काय होणार.

त्या बाळाचं अजूनही रोजचंच चालू आहे: निर्जंतुक सुईने फोड फोडायचा, पाणी जाऊ द्यायचं, वरचं साल मात्र काढायचं नाही, न चिकटणारं ड्रेसिंग, आणि झबलं उलटं घालायचं म्हणजे शिवण बाहेर राहते.

आणि इंग्लंडमध्ये ईबीचा संशय आला की बायोप्सीचा तुकडा लंडनच्या ज्या राष्ट्रीय लॅबमध्ये जातो, तिला आता रॉबिन ईडींचंच नाव आहे. तिथेही पहिला प्रश्न तोच, कुठल्या मजल्यावर?