चुलीविना खदखदणारा रस

एप्रिलमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात शिरलं, की आधी वास भेटतो. तुडवलेल्या काजूच्या बोंडांचा, गोड आणि डोक्यात जाणारा. कोळंबीतून, म्हणजे बोंडं तुडवायच्या कुंडीतून काढलेला रस भांड्यात भरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यावर फेस चढलेला असतो, कान लावला तर बुडबुड ऐकू येते. खाली चूल नाही. रस आंबवणारी सूक्ष्म बुरशी, म्हणजे यीस्टही कुणी घातलेलं नसतं, ते बोंडांच्या सालीवरून आपसूक आलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी रस भाटीवर, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीवर चढतो, आधी हुर्राक होतो आणि मग फेणी. मला मात्र भाटीआधीचा तो खदखदणारा रसच बघत बसावासा वाटतो.

साखरेचं अल्कोहोल करायचं हे काम जिवंत यीस्टशिवाय होणार नाही, असं लुई पाश्चर मानत. १८९७ मध्ये जर्मनीत एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, पिळून त्याचा रस काढला. तो नासू नये म्हणून त्यात साखर घातली, तर रसातून बुडबुडे येऊ लागले! जिवंत पेशी नसताना साखरेचं अल्कोहोल होत होतं. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पेशीबाहेरही काम करणारं ते द्रव्य म्हणजे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातलं विकर. बुखनर यांना ते एकच वाटलं होतं. पुढे कळलं, की ग्लुकोजपासून अल्कोहोलपर्यंत १२ एन्झाइमं एकामागून एक राबतात.

ती करतात काय? सत्तरीतून बेळगावला जायचं तर चोर्ला घाट चढावाच लागतो. रासायनिक क्रियेतही मध्ये असाच ऊर्जेचा घाट असतो, म्हणून नुसतं साखरेचं निर्जंतुक पाणी वर्षभर ठेवलं तरी त्याची दारू होत नाही. एन्झाइम म्हणजे घडी पडून आकार आलेलं प्रथिन. त्याच्या खाचेत ठरावीक रेणू बसतो, त्याचा नेमका बंध ताणला जातो आणि घाटाची चढण कमी होते. काम झालं की खाच पुढच्या रेणूसाठी मोकळी. आपल्या रक्तपेशींतलं कार्बनिक अनहायड्रेज सेकंदाला सुमारे १० लाख रेणू असे हाताळतं. रस उकळला, की मात्र घडी उसवते आणि खाचही मोडते.

घाट ठेंगणा झाला की जाणाऱ्याला सोपा, तसा येणाऱ्यालाही. यीस्टमधलं शेवटचं एन्झाइम, अल्कोहोल डीहायड्रोजनेज, अ‍ॅसिटाल्डिहाइडचं अल्कोहोल करतं. आपल्या यकृतात त्याच नावाचं एन्झाइम उलट दिशेनं राबतं आणि प्यालेल्या अल्कोहोलचं पुन्हा अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. ते विषारी असतं, म्हणून आणखी एक एन्झाइम त्याचं लगेच अ‍ॅसिटेट करून टाकतं. पूर्व आशियातल्या अनेकांत हे दुसरं एन्झाइम जन्मतःच मंद असतं. थोडी दारू पोटात गेली तरी त्यांचा चेहरा लाल होतो.