जहाजाचा धूर की भट्टीचा?
'इम्पोर्टेड मालाचं प्रदूषण म्हणजे जहाजाचा धूर, जितकं लांबून तितकं वाईट', हा फॉरवर्ड जुनाच आहे. ऐकायला पटतं, मलाही पटलेलं. पण एक टन स्टील घ्या, मोठं मालवाहू जहाज टनामागे दर किलोमीटरला साधारण 10 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे मुंबई ते युरोप 12,000 किलोमीटर धरले तरी 120 किलो. मोबाईलवर गुणाकार करून बघा. आणि तेच स्टील कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसमधे बनताना साधारण 2,000 किलो आधीच हवेत गेलेले असतात! भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलं तर बरंच कमी. म्हणूनच युरोपचा सीमेवरचा कार्बन चार्ज (बाहेरून येणाऱ्या स्टीलसारख्या मालावर त्याच्या कार्बनसाठी लावलेला आकार) अंतर बघतच नाही, माल कसा बनला ते बघतो. विमानाने येणाऱ्या मालाचं मात्र वेगळं, तिथे प्रवासच जड पडतो.